तीन मात्रा कमी

कवी दारात येऊन उभा राहिला आणि इन्स्पेक्टरच्या मनात पाल चुकचुकली.

इन्स्पेक्टर आता नोकरीत नव्हता. वजनमापे खात्यात चौतीस वर्षं काढून निवृत्त झाल्याला सहा वर्षं होऊन गेली होती. पण गल्ली अजून त्याला इन्स्पेक्टरच म्हणायची, आणि भाजीवाला तो दिसला की काट्याला उगाच एक टिचकी मारून दाखवायचा. चौतीस वर्षं मापात पाप शोधलेल्या माणसाला दुसरं काही दिसत नाही. दुधाचा पेला हातात घेतला तरी तो आधी पेल्याचं बूड बघायचा.

बायको जाऊन पाच महिने झाले होते. लेक लांबच्या शहरात, तिथल्या शाळेत भाषा शिकवायची. घरात तो एकटा. आणि आता दारात कवी.

कवी म्हणजे वाचनालयाचा ग्रंथपाल. खरं नाव कोणी घेत नसे. लहान-मोठे सगळे 'कवी' म्हणूनच ओळखत. दर गुरुवारी चार वाजता तो वाचनालयात आठ-दहा जणांना जमवून कविता वाचायचा. इन्स्पेक्टरची बायको गुरुवारी पुस्तक बदलायला जायची, एवढंच इन्स्पेक्टरला ठाऊक होतं.

"ताईंची वही हवी होती, साहेब," कवी म्हणाला.

"कसली वही?"

"कवितेची. ती मोठी कविता, नावाड्याच्या बायकोची गोष्ट. वाचनालयाच्या वार्षिक अंकात छापावी म्हणतो. तुमची परवानगी असेल तर."

इन्स्पेक्टरला बायकोच्या दोन वह्या माहीत होत्या. एक वाणसामानाची, दुसरी कपडे शिवायला देणाऱ्यांच्या मापांची. तिसरीचं नाव तो आज ऐकत होता. पण आपल्याला माहीत नाही हे दाखवायचं नाही, ही खात्यातली पहिली शिकवण.

"बघतो," तो म्हणाला.

"शिवणमशीनच्या डाव्या खणात असेल. निळ्या पुठ्ठ्याची."

एवढं बोलून कवी गेला. इन्स्पेक्टर मात्र दाराची कडी धरून तसाच उभा राहिला. आपल्या घरातल्या कुठल्या खणात काय आहे, हे बाहेरचा माणूस आपल्याला सांगून जातो!

वही डाव्या खणातच होती. निळ्याच पुठ्ठ्याची. रिळांच्या खाली.

अक्षर बायकोचं, त्याबद्दल वाद नव्हता. बावीस कडवी, कडव्याला चार ओळी. तो खुर्ची खिडकीपाशी ओढून वाचायला बसला.

नदीकिनारी घर एकाकी
एक दिवा अन् नाव मोडकी
नावाडी गेला पलीकडे
दार अजूनही उघडे

गोष्ट सरळ होती. नावाडी संध्याकाळी पलीकडच्या काठावर माणसं पोचवायला जातो आणि परतत नाही. बायको वाट बघते. शेजारीण येऊन सांगते, दार लाव. सासरा सांगतो, दार लाव. ती लावत नाही. प्रत्येक कडवं त्याच ओळीवर येऊन थांबायचं, दार अजूनही उघडे. नवव्या कडव्यापाशी इन्स्पेक्टरही थांबला.

पाणी चढले, रात उतरली
वात तिने मग पुढे सारली
तिला वाटते पाऊल पडे
दार अजूनही उघडे

कोणाचं पाऊल? नावाडी तर पलीकडे गेलेला.

दाराची गोष्ट या घरात जुनी होती. नोकरीत असताना इन्स्पेक्टरनं कितीतरी दुकानदारांचे काटे जप्त केले होते. एकानं तर घरावर दगडही मारला होता. तेव्हापासून तो बायकोला रोज बजावून जायचा, दाराला कडी लावत जा. आणि संध्याकाळी परत यावं तर दार लोटलेलं, कडी नाही. कटकट व्हायची. ती म्हणायची, "तुम्ही आलात की लावीन." शेवटपर्यंत तिनं ऐकलं नाही.

मग दार उघडं कोणासाठी असायचं?

पान मागे उलटताना त्याला एक खूण दिसली. पहिल्या कडव्याच्या चौथ्या ओळीशेजारी हिरव्या शाईत एक प्रश्नचिन्ह. या घरात हिरवी शाई कधी नव्हती. वाचनालयाच्या पुस्तकांवर परतीची तारीख मात्र हिरव्या शाईत असायची.

त्यानं लेकीला फोन लावला.

"कविता कशी तपासतात?"

"बाबा? कोण बोलतंय? बाबाच ना?" लेक हसत सुटली. "सूर्य पश्चिमेला उगवला की काय आज?"

"चेष्टा नको. कविता बरोबर आहे की नाही हे कसं ठरवतात ते सांग."

"बरोबर-चूक काय असतं कवितेत! आवडते किंवा नाही आवडत."

"काहीतरी माप असेलच ना."

"माप आहे," लेक जरा विचार करून म्हणाली. "मात्रा मोजतात. ह्रस्व अक्षराची एक, दीर्घाची दोन. प्रत्येक ओळीची बेरीज सारखी आली पाहिजे. मग यमक बघायचं, ओळींचे शेवट जुळतात का. आणि एखादी ओळ पुन्हा पुन्हा येत असेल तर ती कुठे येते, का येते, ते बघायचं. पण बाबा, कोणाची कविता आहे?"

"आहे एकीची."

"एकीची!" लेकीचा आवाज चढला. "बाबा, पाच महिने नाही झाले तोवर..."

"तुझ्या आईची आहे," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं कोऱ्या कागदावर तक्ता आखला. ओळ, मात्रा, यमक, शेरा. एक मात्रा आणि दोन मात्रा म्हणजे शेराचं आणि दोन शेराचं वजन, आणखी काय? हे काम त्याच्या हातातलं होतं. पाच महिन्यांत पहिल्यांदाच त्याला चहा करून प्यायचं भान राहिलं नाही.

दुपारपर्यंत अठ्ठ्याऐंशी ओळी तोलून झाल्या. पासष्ट ओळी सोळा मात्रांच्या. अगदी काट्यावर काटा. चौदाव्या कडव्यातली एक ओळ सतरा. आणि ती पुन्हा पुन्हा येणारी, दाराची ओळ तेरा. बावीसच्या बावीस वेळा तेरा. लाल पेन्सिलीनं त्यानं वहीच्या समासात बावीस वेळा लिहिलं, 'कमी ३'.

यमक एकवीस कडव्यांत जुळत होतं. पलीकडे-उघडे, पडे-उघडे, असं. शेवटच्या कडव्यात मात्र चुकलं होतं.

नाव बुडाली, गाव बोलले
तिने तरीही तेल घातले
पाण्यावर हा उजेड राहो
दार अजूनही उघडे

'राहो'ला 'उघडे' कसं जुळणार? संध्याकाळी लेकीचा फोन आला तेव्हा त्यानं हे तिला सांगितलं.

"आई यमक चुकणार नाही," लेक तडकाफडकी म्हणाली. "माझ्या लहानपणीच्या गाण्यांची यमकं ती सुधारून द्यायची. पुन्हा बघा."

"आजारी होती शेवटी."

"बाबा, आजारी होती. आंधळी नव्हती. पुन्हा बघा."

पण इन्स्पेक्टरचं लक्ष यमकात नव्हतं. ते त्या तीन मात्रांत अडकलं होतं. खात्यात तो नव्या पोरांना शिकवायचा, वजन वापरून झिजतं तेव्हा वेडंवाकडं झिजतं. एक दोन ग्रॅमनं कमी, दुसरं पाचनं, तिसरं बरोबर. अशा दुकानदाराला समज द्या आणि सोडा. पण दहा वजनं काढली आणि दहाही नेमकी तेवढीच कमी भरली, तर ती उलटी करून बघा. बूड पोखरलेलं असणार. सारखी तूट म्हणजे झीज नव्हे, हेतू.

चौदाव्या कडव्यातली ती सतरा मात्रांची ओळ झीज होती. बावीस वेळा नेमक्या तीन मात्रा हा हेतू होता. बायकोनं त्या ओळीतून काहीतरी काढून घेतलं होतं. काय असेल? अख्ख्या कवितेत नसलेलं काय असतं? नाव. कोणाचं तरी नाव.

तो घरात येणाऱ्या-जाणाऱ्यांची यादी करायला बसला. दूधवाला सात मात्रांचा निघाला, सुटला. शिंपी चार. डॉक्टर चार. स्वतःलाही त्यानं सोडलं नाही. इन्स्पेक्टर, सहा. कागदोपत्रीचं नाव पाच मात्रांचं, आणि ते तर तिनं जन्मात कधी तोंडानं घेतलं नव्हतं. म्हणजे आपण त्या ओळीत कुठेच बसत नाही.

मग त्यानं लिहिलं, कवी. क एक, वी दोन.

तीन.

दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडायच्या वेळी तो पायरीवर हजर होता. आत कालची वर्तमानपत्रं लाकडी दांड्यांना लटकत होती. कवी टेबलाशी बसून नव्या पुस्तकांवर शिक्के मारत होता. इन्स्पेक्टरनं वही समोर उघडून ठेवली आणि प्रश्नचिन्हावर बोट टेकवलं.

"हे कोणाचं?"

"माझं," कवी सहज म्हणाला. लाल पेन्सिलीचा शेरा बघून त्याचा चेहरा उजळला. "वा साहेब! तुम्ही मात्रा मोजल्यात? मलाही हेच खटकलं होतं. ओळ तीन मात्रांनी लंगडते."

"मग तुम्ही तिला विचारलंत."

"विचारलं ना. ताई, म्हटलं, इथे तीन मात्रांचा एखादा शब्द घाला. तर म्हणाल्या, दादा, भरलेलीच आहे ती. वाचून दाखवायच्या तेव्हा त्या ओळीआधी थांबायच्या. मान वर करून दाराकडे बघायच्या आणि मग पुढची ओळ म्हणायच्या."

"तुमचं टेबल तेव्हा कुठे होतं?"

"टेबल?"

"हे टेबल. इथेच असायचं?"

"इथेच. दाराजवळ."

"असं," इन्स्पेक्टर म्हणाला.

कवीनं शिक्का खाली ठेवला.

"म्हटलं, निदान लिहून तरी ठेवा, वाचणाऱ्याला कळेल. तर हसल्या. म्हणाल्या, हाक लिहायची नसते दादा, मारायची असते."

"हाक."

"हो, हाक."

"'कवी' या शब्दाच्या मात्रा किती?"

कवीनं सवयीनं बोटांवर मोजलं. "क, वी... तीन." आणि मग त्याचा हात टेबलावर तसाच राहिला.

"साहेब, ताई मला दादा म्हणायच्या. चार मात्रा."

"समोर."

"समोर आणि मागे." कवीनं वही त्याच्याकडे सरकवली. "तीन वर्षं त्या इथे येत होत्या. वही शिवणमशीनच्या डाव्या खणात ठेवते, हेही त्याच सगळ्यांना हसत सांगायच्या. दर गुरुवारी साडेपाचला उठायच्या. म्हणायच्या, घरी यायची वेळ झाली त्यांची. तुम्ही निवृत्त होऊन घरीच बसलेले, तरी म्हणायच्या! तुम्ही एकदा तरी विचारलंत, तिथे जाऊन काय करतेस म्हणून? एकदा तरी म्हणालात, वाचून दाखव?"

चोर पकडला गेला की असाच उलटा प्रश्न करतो, हे इन्स्पेक्टरला पाठ होतं. पण त्यानं तिला एकदाही विचारलं नव्हतं, हेही खरं.

"वही नका देऊ," कवी म्हणाला. "पण ही असली मोजणी इथे करू नका. उद्या गुरुवार आहे. त्यांची खुर्ची आम्ही अजून कोणाला दिलेली नाही."

घरी येऊन त्यानं दाराला कडी घातली. स्वयंपाकघरात शेगडी पेटवली आणि वही ओट्यावर ठेवली. जाळून टाकायची. न राहील बांबू, न वाजेल बासरी. अंकात छापायची म्हणतो! सगळ्या गावानं वाचावं की दार कोणासाठी उघडं होतं!

पण खात्याचा एक नियम होता. जप्त केलेलं खोटं वजन मोडायच्या आधी पुन्हा एकदा तोलायचं. कितीही खात्री असली तरी. चौतीस वर्षांत त्यानं हा नियम एकदाही मोडला नव्हता. त्यानं शेगडी बंद केली आणि वही घेऊन खिडकीपाशी बसला.

संशय जिचा आहे तीच वस्तू पारड्यात टाकून बघायची. त्यानं पहिल्या कडव्याच्या चौथ्या ओळीआधी पेन्सिलीनं लिहिलं, कवी. कवी, दार अजूनही उघडे. सोळा. दुसऱ्यात, सोळा. तिसऱ्यात, सोळा. एकवीस कडव्यांत तो शब्द नीट बसला, आणि प्रत्येक वेळी इन्स्पेक्टरच्या छातीत एकेक वजन पडल्यासारखं झालं.

बाविसाव्यातही मात्रा बसत होत्या. पण यमक तसंच तुटकं. राहो, आणि खाली उघडे.

आई यमक चुकणार नाही. पुन्हा बघा.

काही दुकानदार पोखरलेलं वजन नेहमी एकाच पारड्यात ठेवतात. एखादा हुशार मात्र मधेच पारडं बदलतो. इन्स्पेक्टरला हे आठवलं आणि तो खुर्चीत पुढे सरकला. एकवीस वेळा हाक ओळीच्या आधी आहे. बाविसाव्या वेळी ती ओळीच्या शेवटी असली तर? बाई एकवीस वेळा आधी हाक मारते आणि मग सांगते, दार उघडं आहे. शेवटी नाव बुडाल्याचं कळल्यावर आधी सांगते आणि मग हाक मारते. मग यमक त्या हाकेलाच जुळायला हवं.

पाण्यावर हा उजेड राहो
दार अजूनही उघडे कवी

नाही. कवी बसत नाही. मात्रा जुळतात, यमक जुळत नाही. खोटं नाणं वजनात उतरलं तरी आवाजात सापडतं, तसं.

म्हणजे कवी सुटला. मग कोण?

त्यानं पद्धतशीर जायचं ठरवलं. शब्द तीन मात्रांचा. 'राहो'शी जुळायचा म्हणजे शेवटचं अक्षर 'हो'. त्याच्या दोन मात्रा गेल्या. उरली एक, म्हणजे आधी एकच ह्रस्व अक्षर. बाराखडी सुरुवातीपासून घ्यायची, एकेक अक्षर पुढे लावून बघायचं, बसलं तर बसलं. अर्धा तास लागेल, तासही लागेल. त्यानं कागदावर 'हो' लिहिलं, आणि त्याच्या आधी पहिलं अक्षर लिहिलं. अ.

पुढे जावं लागलं नाही.

तो कागदाकडे बघत राहिला. अहो म्हणायला तर कोणालाही म्हणतात, त्याच्यातला इन्स्पेक्टर अजूनही म्हणाला. पण त्याच्यापुढे काहीतरी लागतं. अहो दादा, अहो भाजीवाले, अहो डॉक्टर. नुसतं, पुढे-मागे काहीही न लावलेलं, त्या एका शब्दावर थांबणारं अहो तिच्या तोंडून जगात एकाच माणसाला ऐकू आलं होतं. लेक लहान असताना शाळेत बाईंनी विचारलं, वडिलांचं नाव काय, तर तिनं ठणकावून सांगितलं होतं, अहो! दोघं त्यावर आठवडाभर हसत होती.

पाच महिने त्याला कोणी तशी हाक मारली नव्हती. लेक बाबा म्हणायची, गल्ली इन्स्पेक्टर, कवी साहेब. त्यानं अख्ख्या गावाचं वजन करून बघितलं, दूधवाल्याचंसुद्धा, आणि रोज स्वतःच्या कानावर पडणारा शब्द त्याच्या यादीत आलाच नाही.

त्यानं वही पहिल्या पानावर आणली. 'कवी' हा शब्द सगळ्या जागांहून खोडून काढला; ती नोंद नव्हती, नुसती चाचणी होती. आणि मोठ्यानं वाचायला लागला. नावाडी गेला पलीकडे. अहो, दार अजूनही उघडे. स्वतःच्या आवाजात तो शब्द विचित्र वाटला, पण जागेवर बसला. नवव्या कडव्यात ते पाऊल त्याचंच निघालं. शेजारीण म्हणते दार लाव, सासरा म्हणतो दार लाव, आणि ती दोघं बोलत होती त्याच्याच शब्दांत. तिनं चौतीस वर्षांचं भांडण सगळं लिहून काढलं होतं, आणि भांडणात स्वतःची बाजू न सोडता. शेवटच्या कडव्याशी तो पोचला तेव्हा त्याला वाचता येईना. चष्मा पुसून त्यानं पुन्हा सुरुवात केली, आणि तरीही तो शेवटचा शब्द त्याला म्हणता आला नाही. तो तिच्यासाठी राहिला.

राहता राहिला समासातला लाल शेरा. खात्यात चुकीची नोंद खोडत नाहीत, फाडत तर नाहीतच. एक आडवी रेघ मारायची, शेजारी बरोबर नोंद लिहायची आणि सही करायची. इन्स्पेक्टरनं बावीस रेघा मारल्या, बावीस वेळा लिहिलं 'पूर्ण', बावीस सह्या केल्या. चौदाव्या कडव्यातली सतरा मात्रांची ओळ त्यानं तशीच राहू दिली. ती झीज होती. झिजेला समज देऊन सोडायचं असतं.

गुरुवारी चारला पाच मिनिटं कमी असताना तो वाचनालयात गेला. आठ-नऊ माणसं गोल बसली होती. एक खुर्ची रिकामी होती. कवीनं त्याला बघितलं आणि उठून उभा राहिला.

"चुकलं माझं," इन्स्पेक्टर म्हणाला. आयुष्यात हे वाक्य त्यानं फारसं वापरलं नव्हतं, त्यामुळे ते जरा सरकारी पत्रासारखं आलं. "वही आणलीय. छापा."

कवीनं पानं उलटली. सह्या बघून त्याच्या भुवया वर गेल्या.

"सापडला शब्द?"

"सापडला."

"मग घालायचा ना ओळीत? वाचणाऱ्यांना ओळ अडखळल्यासारखी वाटेल हो. म्हणतील, छापायला चुकलं."

"म्हणू दे. घालायचा नाही. जशी आहे तशी छापायची."

"निदान मला तरी सांगा, काय शब्द आहे."

"घरातला आहे," इन्स्पेक्टर म्हणाला.

कवीनं वही मिटली. "पण साहेब, तीन मात्रा..."

"पुऱ्या आहेत," इन्स्पेक्टर म्हणाला. "मी स्वतः तपासल्यात."

मग कवीनं वही पुन्हा उघडून वाचायला घेतली. इन्स्पेक्टर रिकाम्या खुर्चीशेजारी भिंतीला टेकून उभा राहिला आणि दाराकडे तोंड करून, पहिल्या कडव्यापासून, ऐकायला लागला.